खुला संच आणि बंद संच : सीमाभागातील दूरचित्रवाणीचा एक विचार



सेट-टॉप बॉक्ससारखी घरगुती वस्तू स्मृतिव्याख्यानाचा विषय कशी होऊ शकते, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वस्तूने घरातील भाषा, करमणूक, बातमी आणि अलीकडे शिक्षणसुद्धा आपल्या हाती घेतले आहे, तिच्या पोटात काय आहे आणि तिच्यावर हुकूम कोणाचा चालतो, हे समजून घेणे म्हणजे विद्येचेच काम होय. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत राहणाऱ्या मराठी माणसाला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद संस्थानातून आलेला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील असंख्य घरांत दोन भाषा नांदत आहेत. अशा घरात दूरचित्रवाणीचा संच कोणत्या भाषेत बोलतो, हे कोण ठरवते? या प्रश्नाचे उत्तर आज आपण यंत्राच्या बाजूने शोधणार आहोत.

गावाच्या मालकीचा संच

आपल्या भागाचा उपग्रह दूरचित्रवाणीशी संबंध फार जुना आहे, हे नव्या पिढीला बहुधा ठाऊक नसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारताने ‘साइट’ नावाचा एक भव्य प्रयोग केला. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर वापरावयास मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक ठिकाणी संच बसवण्यात आले. कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यांत होते. गुलबर्ग्याचे कलबुर्गी हे नामांतर पुढे २०१४ साली झाले.

या संचांची घडण मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या साध्या तारेच्या जाळीची केलेली होती. तिची रचना अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील अभियंत्यांनी केली, तर दूरचित्रवाणी संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले. विक्रम साराभाई यांची दृष्टी या योजनेमागे होती, यद्यपि १९७१ साली झालेल्या निधनामुळे ती प्रत्यक्षात उतरलेली त्यांना पाहता आली नाही. यंत्र आपल्या देशात, आपल्या माणसांनी, आपल्या हवामानासाठी घडवले होते. म्हणून ते बिघडले तर उघडता येत होते, दुरुस्त करता येत होते.

सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. भाषा चार होत्या : हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. मराठी त्यांत नव्हती. गुलबर्गा जिल्ह्यातील ज्या मराठी घरांपर्यंत हे प्रक्षेपण पोहोचले असेल, तेथे ते परक्या नसलेल्या, पण आईच्याही नसलेल्या भाषेत पोहोचले. येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘साइट’च्या प्रक्षेपणात एका चित्राबरोबर दोन निरनिराळे ध्वनी पाठवण्याची सोय होती. म्हणजे एकच चित्र दाखवून एका गावाला कन्नड आणि दुसऱ्याला तेलुगू ऐकवता येत होते. एका चित्राला अनेक भाषा जोडणे हे यंत्राला तेव्हाही अवघड नव्हते. अडचण होती ती निवड करणारा हात दूर असण्याची.

डब्याच्या पोटात काय घडते

आता आजच्या संचाकडे वळू. घराच्या गच्चीवरील छत्री उपग्रहाकडून आलेल्या अतिसूक्ष्म लहरी एका बिंदूवर गोळा करते. तेथे बसवलेला लहानसा भाग, ज्याला सर्वजण एलएनबी म्हणतात, त्या लहरींची कंपनसंख्या कमी करतो आणि त्या तारेतून घरात पाठवतो. सेट-टॉप बॉक्समधील ट्यूनर त्यांतील हवा तो पट्टा निवडतो. त्यानंतर लहरींचे रूपांतर शून्य आणि एक या अंकांच्या अखंड प्रवाहात होते.

हा प्रवाह म्हणजे टपाल कचेरीत येऊन पडलेली थैली समजावी. तिच्यात एका वाहिनीची नव्हे, तर अनेक वाहिन्यांची पाकिटे एकत्र मिसळलेली असतात. प्रत्येक पाकीट बरोबर १८८ बाइटचे असते आणि प्रत्येकावर एक क्रमांक असतो. असे एकंदर ८,१९२ क्रमांक शक्य आहेत. शून्य क्रमांकाच्या पाकिटात थैलीची अनुक्रमणिका असते. तिच्यावरून बॉक्सला कळते की अमुक वाहिनीचे चित्र या क्रमांकाच्या पाकिटांत आहे, मराठी ध्वनी त्या क्रमांकाच्या आणि हिंदी ध्वनी आणखी तिसऱ्या क्रमांकाच्या. मग तो पाकिटे वेचतो, जुळवतो, संक्षिप्त केलेले चित्र उलगडतो आणि पडद्यावर मांडतो.

सशुल्क वाहिन्यांच्या बाबतीत आणखी एक टप्पा येतो. त्यांची पाकिटे कुलूपबंद असतात. कुलपाची किल्ली काही सेकंदांनी बदलत राहते, आणि ती मिळवण्याचा अधिकार वर्गणी भरलेल्या ग्राहकाच्या कार्डात किंवा बॉक्समधील चिपमध्ये नोंदलेला असतो. निःशुल्क वाहिन्यांना असे कुलूप असण्याचे कारण नसते.

ही सारी वर्गवारी करतो तो बॉक्समधील छोटा संगणक. आणि संगणक म्हटला की त्याला आज्ञावली लागते. ती आज्ञावली कोणी लिहिली, ती वाचता येते का, बदलता येते का, या तीन प्रश्नांवर खुला संच आणि बंद संच यांतील भेद अवलंबून आहे.

हौशी मंडळींचा उद्योग

खुल्या संचाची कथा जर्मनीत सुरू होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील ‘प्रीमिअरे’ या सशुल्क सेवेसाठी ‘डी-बॉक्स २’ नावाचा संच विकला जाई. नोकिया, सॅजेम आणि फिलिप्स या कंपन्यांनी तो बनवला होता. यंत्र भक्कम होते, परंतु त्याची मूळ आज्ञावली संथ आणि ग्राहकाला जखडून ठेवणारी होती. काही तरुण हौशी तंत्रज्ञांनी तो उघडला, त्याचा अभ्यास केला आणि त्यात लिनक्स चालवून दाखवले. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला होता. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि वाटता येते. अट इतकीच की वाटणाऱ्याने ती पुढच्यालाही तशीच खुली द्यावी.

या उद्योगातून ‘टक्सबॉक्स’ हा प्रकल्प उभा राहिला. बर्लिनमधील लोकांनी डिजिटल दूरचित्रवाणीच्या कार्डांसाठी लिनक्सचे चालक लिहिले. क्लाउस श्मिडिंगर यांनी २००० साली ‘व्हीडीआर’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्याने जुना घरगुती संगणकच कार्यक्रम मुद्रित करणारा संच बनू शकला. पुढे ड्रीम मल्टिमीडिया या जर्मन कंपनीने विक्रीच्या वेळीच लिनक्स असलेला ‘ड्रीमबॉक्स’ बाजारात आणला. त्यावरील ‘एनिग्मा’ आणि तिची नवी आवृत्ती ‘एनिग्मा २’ यांच्याभोवती युरोपभर हौशींचे गट तयार झाले. ‘ओपनपीएलआय’, ‘ओपनएटीव्ही’ अशी नावे घेऊन ते आजही नव्या आवृत्त्या काढीत असतात.

या मंडळींना त्यातून काय मिळाले? पहिली गोष्ट, वाहिन्यांची यादी. एनिग्मा २ मध्ये ती साध्या मजकुराच्या फाइलींत साठवलेली असते. घरधनी ती उघडून हवी तशी लावू शकतो. दुसरी गोष्ट, मुद्रण. प्रक्षेपणाची पाकिटे जशीच्या तशी डिस्कवर उतरवता येतात आणि दुसऱ्या संगणकावर पाहता येतात. तिसरी, आयुष्य. निर्मात्याने लक्ष देणे सोडले तरी जुन्या संचासाठी हौशी तंत्रज्ञ वर्षानुवर्षे सुधारणा करीत राहतात. चौथी, भाषा. पडद्यावरील सर्व शब्द वेगळ्या फाइलीत असतात. ज्याला आपल्या भाषेत ते हवे असतील, त्याने त्या फाइलीत प्रत्येक शब्दासमोर आपला शब्द लिहावा.

येथे अतिशयोक्ती करू नये. या संचांतही चित्र उलगडणाऱ्या मुख्य चिपचे चालक बहुधा बंदच असतात. म्हणजे दार उघडे, पण घरातील एक खोली कुलूपबंद, अशी स्थिती असते. याउलट बाजारातील अनेक बंद संचांच्या पोटातही लिनक्सच असते. अमेरिकेतील ‘टिवो’ हा १९९९ चा संच याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या निर्मात्यांनी आज्ञावली वाचावयास दिली, परंतु बदललेली आज्ञावली त्या यंत्रावर चालणारच नाही अशी व्यवस्था केली. या युक्तीला उत्तर म्हणून मुक्त आज्ञावलीच्या परवान्याची तिसरी आवृत्ती २००७ साली निघाली, तेव्हा तिच्यात यंत्राच्या मालकाला बदल चालवता आले पाहिजेत, असे कलम घालण्यात आले. खुलेपणा केवळ वाचण्याचा नव्हे, तर वापरण्याचा असतो, हा त्यातील बोध.

आपल्याकडील कायदा आणि व्यवहार

भारतात थेट घरापर्यंत येणाऱ्या उपग्रह सेवेची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २००१ मध्ये जाहीर झाली. संच खुल्या रचनेचा असावा आणि एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या सेवेसाठी चालावा, ही अट परवान्यात तेव्हाच होती. कागदावर ही अट उत्तम होती. प्रत्यक्षात मात्र कंपनी बदलली की जुना डबा माळ्यावर जातो आणि नवा घ्यावा लागतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये या स्थितीची दखल घेऊन सर्व सेट-टॉप बॉक्स परस्परांशी जुळणारे असावेत, अशी शिफारस सरकारला केली. कुलूप उघडणारा भाग यूएसबी मार्गाने जोडता यावा, म्हणजे डबा ग्राहकाचा राहील आणि किल्ली तेवढी कंपनीची, असा त्यामागील विचार होता. अर्थात शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या दूरचित्रवाणी संचासाठी मानक जाहीर केले. असा संच असला की निःशुल्क वाहिन्यांसाठी वेगळ्या डब्याची गरज उरत नाही.

सीमाभागाच्या दृष्टीने या साऱ्याचे महत्त्व काय? उपग्रहाच्या लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. उदगीरच्या गच्चीवर जी लहर पडते, तीच भालकीच्या गच्चीवर पडते. परंतु वाहिन्यांचे संच दीर्घकाळ प्रदेश पाहून बांधले जात होते, आणि ग्राहक कोणत्या राज्यात राहतो यावरून त्याची भाषा गृहीत धरली जात होती. २०१९ च्या आरंभी ट्रायची नवी दररचना अमलात आली आणि प्रत्येक वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. हक्क मिळाला खरा, पण डब्यातील यादीचा क्रम, मुद्रणाची मुभा आणि पडद्यावरील भाषा ही ज्याची आज्ञावली त्याच्याच हाती राहिली.

निःशुल्क छत्री आणि २०२० चे वर्ष

आपल्या भागात खुल्या संचाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दूरदर्शनची निःशुल्क सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्यांसह ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली आणि पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. तिला मासिक वर्गणी नाही. जीसॅट-१५ या उपग्रहावरून ती येते. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. गणित केले तर कलबुर्गीहून तो जवळजवळ अचूक आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंचीवर येतो. बीदरहून दिशा किंचित दक्षिणेकडे सरकते, उंची तेवढीच राहते. छत्री मात्र तितकी आकाशाकडे कललेली दिसत नाही, कारण तिचा आकार लहरी तिरप्या झेलण्यासाठी घडवलेला असतो. दहावीच्या विद्यार्थ्याला त्रिकोणमिती शिकवताना याहून घरचे उदाहरण सापडणार नाही.

या सेवेतील निःशुल्क वाहिन्यांसाठी प्रमाणित डिजिटल पद्धतीचा कोणताही संच चालतो. बाजारातील साधा डबा चालतो, युरोपातील लिनक्सचा संच चालतो, आणि यूएसबी ट्यूनर जोडलेला जुना संगणकही चालतो. येथेही एक मेख आहे. काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या असतात, तर काही नव्या एमपेग-४ पद्धतीच्या. जुन्या डब्याला दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या उलगडता येत नाहीत. संगणकावर मात्र नवी आज्ञावली घातली की काम भागते.

या सेवेवर मराठीची ‘सह्याद्री’ आणि कन्नडची ‘चंदना’ या दोन्ही वाहिन्या आहेत. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा या योगायोगाचे मोल कळले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारचे ‘संवेद’ हे पाठ चंदनावर सुरू झाले. बीदर जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या मुलाची स्थिती कशी होती, याचा विचार करावा. त्याचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा, भाषा मराठी. एका वाहिनीवर अभ्यासक्रम त्याचा, पण पाठ प्रामुख्याने कन्नडात. दुसऱ्या वाहिनीवर भाषा त्याची, पण अभ्यासक्रम शेजारच्या राज्याचा. दोन्हींतून मिळून त्याला आपले शिक्षण जुळवायचे होते.

ज्या घरात निःशुल्क छत्री होती, तेथे दोन्ही वाहिन्या पैशावाचून येत होत्या. पण पाठ ठरावीक वेळी एकदाच लागायचा, संच एक, आणि मुले दोन-तीन. अशा वेळी प्रक्षेपण मुद्रित करून सवडीने दाखवण्याची सोय ही चैन राहत नाही. जुना संगणक, एक ट्यूनर आणि ‘व्हीडीआर’ किंवा ‘टीव्हीहेडएंड’सारखी मोफत आज्ञावली एवढ्या सामग्रीवर एखादी शाळा दोन्ही वाहिन्यांचे पाठ मुद्रित करून शिक्षकांच्या हाती देऊ शकते. पाठ निवडणारा हात मग दिल्लीत किंवा मुंबईत नसतो, गावातच असतो. ‘साइट’च्या संचात नसलेली गोष्ट ती हीच.

एक आवश्यक इशारा

खुल्या संचाच्या वापराला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. एकाच्या कार्डावरील किल्ल्या अनेकांना वाटून सशुल्क वाहिन्या फुकट पाहण्याचे प्रकार युरोपात मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यासाठी हेच संच वापरले गेले. त्यामुळे खुला संच म्हणजे चोरीचे साधन, असा समज पसरला. आपल्याकडे २०१२ साली प्रताधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशी तांत्रिक कुलपे हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा गुन्हा ठरवला आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवणे हे अनुचितच. दार उघडता येणे आणि शेजाऱ्याच्या घरात शिरणे यांतील फरक विद्यार्थ्यांना प्रथम शिकवला पाहिजे. खऱ्या हौशी माणसाचा आनंद यंत्र समजण्यात असतो. निःशुल्क वाहिन्यांवर त्याला आयुष्यभर पुरेल एवढे शिकण्यासारखे आहे.

शाळेपुढील काम

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे संगणकक्षेत्रात आहेत. त्यांच्यापुढे एक लहानसे काम ठेवून हे विवेचन संपवतो.

शाळेच्या विज्ञानकक्षात एक खुला संच असावा. नवा विकत घेण्याची गरज नाही. कचेरीतून निवृत्त झालेला संगणक आणि गच्चीवरील एक छत्री पुरेशी आहे. छत्रीचा कोन मुलांनी स्वतः काढावा आणि स्वतः लावावा. १८८ बाइटची पाकिटे त्यांनी डोळ्यांनी पाहावीत, अनुक्रमणिका वाचावी, आणि एका चित्राबरोबर किती भाषांचे ध्वनी येतात ते मोजावे. वाहिन्यांची यादी मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू अशी आपल्या गावाच्या मेळाने लावावी.

दुसरे काम भाषेचे आहे. पडद्यावरील ‘मुद्रण’, ‘आवाज’, ‘वाहिनी’, ‘उद्याचे कार्यक्रम’ हे शब्द मराठीत आणि कन्नडात लिहिण्यासाठी अभियंता असावे लागत नाही, भाषा यावी लागते. दोन्ही भाषा जाणणारी मुले याच जिल्ह्यांत आहेत. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत जोडाक्षरे असल्यामुळे ती पडद्यावर नीट उमटतात की तुटतात, हे तपासणेही त्यांनाच उत्तम जमेल. जेथे तुटतील तेथे दोष नोंदवावा. खुल्या आज्ञावलीत दोष नोंदवणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते, कारण दुरुस्ती करणारा कोणीही असू शकतो, कदाचित आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्यांनी आपल्याला वाचावयास शिकवले. यंत्रालाही वाचता येते, आणि जे वाचता येते ते सुधारता येते, एवढी जाणीव पुढच्या पिढीला झाली तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.